धाकट्याची खोली

घर विकायचं ठरवलंय असं कंपाउंडरांनी थोरलीला फोनवर सांगितलं. खरं तर वर्षभर तीच मागे लागली होती. "बाबा, तुमच्या एकट्याच्यानं आता आईचं होत नाही. इकडे या, माझ्याजवळ." आणि आता ते हो म्हणाले, तर तिलाच रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? घर विकतोय, बाप नाही विकत," ते म्हणाले. ती हसली, आणि मग आणखीच रडली.

कंपाउंडर म्हणजे खरोखरच कंपाउंडर. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. पुड्या बांधल्या, बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, अर्ध्या गावाचा खोकला नि पोटदुखी त्यांना तोंडपाठ होती. पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं, पण नाव तेवढं चिकटलं ते चिकटलंच. बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंना विसर पडायला लागला तो आधी चष्म्याचा, मग गॅस बंद करण्याचा, मग बाजारातून घरी यायच्या रस्त्याचा. आता त्यांना थोरलीचं लग्न झालेलं कधी आठवे, कधी नाही. नवऱ्याला मात्र त्या ओळखत. "अहो" म्हटलं की माणूस येतो, एवढं पक्कं होतं.

घर लाकडी होतं. दगडी जोत्यावर उभं, खाली माणूस सरपटत जाईल एवढी मोकळी जागा, वर फळ्यांची जमीन आणि फळ्यांच्याच भिंती. आणि मागे, स्वयंपाकघराला लागून, धाकट्यानं बांधलेली खोली.

धाकटा फर्निचरच्या दुकानात पॉलिश करायचा. एका उन्हाळ्यात कुठलंसं जुनं गोदाम पाडत होते, तिथलं लाकूड त्यानं हातगाडीवर लादून आणलं आणि बापाला म्हणाला, "बाबा, हे लाकूड तुमच्याहूनही म्हातारं आहे. टिकेल." सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून काम करत. मुलगा मोजायचा, बाप धरायचा. लग्न झालं की राहायला वेगळी खोली हवी, असं तो चेष्टेत म्हणे. पण मुलगी बघायलाही सवड मिळाली नाही. आठवडाभराच्या तापात तो गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे ताप उतरवलेला माणूस स्वतःच्या पोराच्या उशाशी नुसता बसून राहिला.

याला आता बरीच वर्षं झाली होती. काकूंनी तेव्हा ते दुःख गिळलं, संसार रेटला. पण विसर आला आणि त्यानं काय करावं, तर नेमकं ते मरणच पुसून टाकलं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "धाकटा अजून कसा आला नाही हो?" कंपाउंडरांनी खरं ते सांगितलं. आणि काकूंनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. त्यांचा तो आक्रोश ऐकून शेजारपाजारची माणसं धावत आली. संध्याकाळपर्यंत काकू सगळं विसरल्याही, आणि दिवे लागले तसं पुन्हा विचारलं, "धाकटा आला का?"

"कामावर गेलाय," कंपाउंडर म्हणाले. त्या दिवसापासून धाकटा कामावरच होता.

दुपारी काकू तीन कप चहा करत. एक घेऊन मागच्या खोलीत जात, खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवत आणि खुर्चीत बसून राहत. बसल्या बसल्या डोळा लागे. मग कंपाउंडर पाय न वाजवता आत जात, गार झालेला चहा पिऊन टाकत आणि कप तिथेच ठेवत. काकू जाग्या झाल्या की कप बघत आणि खूश होत. "येऊन गेला वाटतं. उठवलं नाही मला." कंपाउंडर मान हलवत.

घर घ्यायला जे जोडपं आलं ते चांगलं होतं. तो माणसांना मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे कुठेही बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत असे. बायकोला दिवस गेलेले. दोघांना घर पाहताक्षणी आवडलं. निघताना ती जरा संकोचत म्हणाली, "काका, राग मानू नका, पण घेण्याआधी लाकूड तपासून घेऊ का? आमच्या आत्याच्या घराला वाळवी लागली होती. दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकून पितोय."

"तपासा की! राग कसला?" कंपाउंडर म्हणाले. "घर पाहावं बांधून म्हणतात. तसंच विकतही पाहावं एकदा."

तपासायला आली ती चाळिशीची एक सडपातळ बाई. गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या, कपाळावर दिवा, हातात स्क्रूड्रायव्हर आणि ओल मोजायचं छोटं यंत्र. "मला सगळे वाळवीवालीच म्हणतात," ती हसून म्हणाली. "तुम्हीही म्हणा."

"बडा घर पोकळ वासा, असं काही निघायचं नाही ना?" कंपाउंडरांनी विचारलं.

"निघालं तर सांगेन. लपवायला मला जमत नाही."

ती घराखाली शिरली आणि खालून ठकठक करत सरकू लागली. स्वयंपाकघरात काकू दचकल्या. "अहो, दार उघडा, कोणीतरी आलंय." कंपाउंडर म्हणाले, "दाराशी नाही, जमिनीखाली आहे." काकूंनी जरा विचार केला. "मग चहा कुठून द्यायचा तिला?" त्यावर कंपाउंडर हसत सुटले. खाली वाळवीवालीही हसलेली ऐकू आली.

घराचा पुढचा भाग ठणठणीत निघाला. तुळया, चौकटी, माळ्यावरचे वासे, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचा आवाज कसा भरीव येत होता. कंपाउंडरांची छाती फुगली, जणू परीक्षेत तेच पास होत होते. मग ती मागच्या खोलीकडे वळली.

काकू आत खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वाळवीवालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धाकट्यानं बोलावलं का तुला? बस. येईलच तो एवढ्यात."

"हो काकू. मी तेवढ्यात जरा लाकूड बघते," ती म्हणाली आणि तिनं दाराच्या खांबावर मूठ मारली. आवाज आला तो खोक्यावर मारल्यासारखा. तिनं पुन्हा मारली, जरा खाली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि नुसतं दाबलं. लोण्यात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

कंपाउंडरांनी खांबावरून हात फिरवला. "असं कसं? दर वर्षी मी स्वतः रंग देतो याला. बघा ना, किती चकचकीत आहे."

"रंगच उभा आहे, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "आत काही उरलेलं नाही."

भिंतीच्या फळ्या, खिडकीची चौकट, वरची तुळई, ती जिथे जिथे टेकवी तिथे तिथे तेच. एका फळीचा तुकडा तिनं अलगद उचलला. आत मातीच्या बारीक नळ्यांचं जाळं होतं आणि पांढुरके किडे उजेडाला घाबरून सैरावैरा पळत होते. काकू वाकून म्हणाल्या, "अगं बाई, केवढी लगबग चाललीय बिचाऱ्यांची."

वाळवीवालीनं कंपाउंडरांना अंगणात नेलं. "काका, आजपासून त्या खोलीत कोणी बसायचं नाही. ती तुळई कधी खाली येईल याचा नेम नाही. आणि लवकर पाडा, नाहीतर हे किडे तिथून घरात यायला वेळ लागणार नाही." मग, समोरच्याला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, "काम हौसेनं केलंय हो. सांधे काय सुरेख जुळवलेत. फक्त खांब थेट मातीत पुरलेत, खाली दगड नाही. तिथूनच शिरली. कोणी बांधली?"

"मुलानं."

"कुठे असतात ते?"

कंपाउंडरांनी मागे वळून पाहिलं. काकू खिडकीत होत्या. "कामावर गेलाय," ते मोठ्यानं म्हणाले. आणि मग फाटकापर्यंत तिला पोचवताना, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी खरं ते सांगितलं. "खांब पुरताना मीच धरले होते. आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं हो."

 वाळवीवालीला पुढे कुठेतरी जायचं होतं, पण पाय निघेना. "मला माहीत असतं तर वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं," ती म्हणाली.

"शब्द वेगळे, पण खांब तोच," कंपाउंडर म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत."

मोटार शिकवणाऱ्याला कळलं तसा त्यानं लगेच फोन केला. घर आम्हाला हवंच आहे, ती खोली तेवढी नको, पण तुमच्या जिवावर येत असेल तर तुम्ही गेल्यावर आम्हीच पाडू. किती समजूतदारपणा! कंपाउंडरांना आधी तेच बरं वाटलं. आपण जावं आणि पाठीमागे काय व्हायचं ते होऊ द्यावं. तोवर दाराला कुलूप घातलं की झालं.

कुलूप घातलं आणि काकूंनी घर डोक्यावर घेतलं. दुपारी काकू चहाचा कप घेऊन गेल्या, दार ढकललं, पुन्हा ढकललं. कप तिरपा होऊन चहा बोटांवर सांडला तरी त्यांना पत्ता नव्हता. "अहो, तो आत आहे! तुम्ही कोंडलंत त्याला?"

"आत कोणी नाही. कामावर गेलाय."

"मग माझा चहा?"

"मी नेऊन देतो त्याला."

"तुम्ही!" काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की इतक्या वर्षांच्या संसारात तशी नजर त्यांनी कधी पाहिली नव्हती. "बाप आहात का कोण आहात?" आणि त्या दारालगत जमिनीवर बसल्या. दारावर हळूहळू थाप मारत राहिल्या. "घाबरू नकोस रे. मी आहे इथे. बाबांचा राग उतरला की उघडतील."

त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. कंपाउंडर समजूत घालून घालून थकले. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी ठरवलं, थोडा वेळ उघडावं, आपण सोबत बसावं, आणि तिला लगेच बाहेर आणावं. त्यांनी कुलूप काढलं. काकू अधीरपणे आत शिरल्या आणि दुसऱ्याच पावलाला जमिनीची फळी कडकन मोडून त्यांचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला.

ओरडले ते कंपाउंडरच. काकू नुसत्या चकित होऊन आपल्या पायाकडे पाहत होत्या. कंपाउंडरांनी त्यांना काखेत हात घालून वर उचललं, स्वयंपाकघरात आणून बसवलं, जखम धुतली, औषध लावलं. पट्टी बांधताना दर वेढ्याला ते स्वतःच कळवळत होते. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुम्हालाच दुखतंय असं वाटतं."

त्याच दिवशी त्यांनी थोरलीला बोलावून घेतलं. "आपणच पाडू," ते म्हणाले. "परक्या हातानं नको."

थोरली आली. सकाळीच तिनं काकूंना गाडीत घातलं, डोळे तपासून आणते म्हणाली. ती वळणावर दिसेनाशी झाली तसे कंपाउंडर पहार घेऊन मागे गेले. मोटार शिकवणारा मदतीला आला होता. खरं तर मदतीची गरजच नव्हती. खांबाला पहार लावली तर तो मोडलासुद्धा नाही, नुसता खाली बसला. भिंती ढकलल्या की भुशासारख्या ओघळत. एवढी उन्हाळाभर खपून उभी केलेली खोली, जेवायची वेळ व्हायच्या आत अंगणात ढीग होऊन पडली.

मोटार शिकवणारा ढिगात वाकून काहीतरी शोधत होता. "काय हरवलं?" कंपाउंडरांनी विचारलं.

"एखादा चांगला तुकडा मिळाला तर..." तो चाचरत म्हणाला. "तुम्हाला बरोबर न्यायला. त्याच्या हातचा."

मग दोघंही शोधू लागले. कंपाउंडर गुडघ्यांवर बसून एकेक फळी उचलत. एका ठिकाणी सांधा अगदी जसाच्या तसा होता, दोन लाकडं एकमेकांत बोटं गुंतवावीत तशी. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तो हातातल्या हातात फुटला. हातात भुसा आणि माती राहिली. धाकटा गेला तेव्हा माणसांच्या गर्दीत जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. तो तरुण माणूस त्यांच्या शेजारी मातीत बसला.  त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी गाडी परत आली. कंपाउंडरांनी जमीन झाडून ठेवली होती आणि मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. धाकट्याला दुसऱ्या गावी काम लागलंय, खोली तो नवी बांधणार आहे, पत्र आलंय, फोन आलाय. काकू स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेल्या. जिथे आधी खोलीची भिंत होती तिथून आता थेट अंगण आणि शेजाऱ्यांचं कुंपण दिसत होतं. त्यांनी चौकटीला हात टेकून बाहेर डोकावलं. थोरलीनं बापाचा हात घट्ट धरला.

"केवढा उजेड आला हो," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी आधण ठेवलं. तिघांपुरता चहा केला. एक कप थोरलीला दिला, एक नवऱ्याला दिला आणि एक स्वतः घेऊन बसल्या.

कंपाउंडर वाट बघत राहिले. शेवटी न राहवून त्यांनीच विचारलं, "आणि आणखी एक?"

"आणखी कोणाला?" काकू म्हणाल्या. "आणखी कोण आहे इथे?"

त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही. धाकटा आला का, जेवला का, कामावरून उशीर का झाला, यातलं काहीच काकूंनी पुन्हा विचारलं नाही. थोरली म्हणाली, "सुटली बिचारी." कंपाउंडरांनाही आधी तसंच वाटलं होतं. पण दुपार झाली की ते घरभर उगाच फिरत. इतकी वर्षं खोटं बोलून बोलून तो मुलगा त्यांनी या घरात जागता ठेवला होता. दिवसातून निदान एकदा कोणीतरी त्याचं नाव घेत होतं. आता घेणारं कोणी नव्हतं, आणि ज्याला आठवत होतं त्याला ते कोणाशी बोलायची सोय नव्हती. दुसऱ्यांदा आपलं पोर गेलं, आणि या वेळी भेटायलाही कोणी आलं नाही, असं काहीतरी त्यांना वाटे. ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

घराचा व्यवहार झाला. सामान गेलं. मोटार शिकवणाऱ्याच्या बायकोनं वाकून नमस्कार केला, तर काकूंनी तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "कितवा गं?" आणि ती हसून म्हणाली, "पहिलाच."

थोरलीकडे काकू रुळल्या. नवी जागा, पण त्यांना प्रत्येक जागा रोज नवीच असे. कंपाउंडर मात्र खिडकीपाशी गप्प बसून असत. थोरलीच्या ते लक्षात आलं. एका रविवारी ती त्यांच्या शेजारी येऊन शेंगा सोलत बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, धाकट्याला गाडी लागायची, आठवतं?"

कंपाउंडर दचकले. आईपुढे त्याचा विषय काढायचा नाही असा घरात इतका जुना दंडक होता, की या दोघांनी एकमेकांशीही तो कधी काढला नव्हता.

"न आठवायला काय झालं? बसमध्ये चढला की उलटी. मी दर वेळी निघताना गोळी द्यायचो त्याला. आणि तरीही खिडकीशीच बसवावं लागायचं."

"त्याला गाडीबिडी काही लागायची नाही, बाबा."

"म्हणजे?"

"खिडकीची जागा हवी असायची. मी मोठी म्हणून तुम्ही मला आधी बसवायचात ना. मग हा तोंडावर हात धरून असा काही चेहरा करायचा की तुम्ही मला उठवायचात. ती गोळी तो खिडकीतून टाकून द्यायचा. मला शपथ घातली होती कोणाला सांगायचं नाही म्हणून."

 "मी कंपाउंडर," ते म्हणाले, "आणि माझ्याच पोरानं मला...?" आणि त्यांना हसू आलं. ते हसू आवरेना. हसता हसता डोळे वाहू लागले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "आणखी? आणखी काय काय केलं त्यानं? सांग ना."

हसण्याचा आवाज ऐकून आतून काकू आल्या. "काय झालं? मलाही सांगा की."

"काही नाही गं," कंपाउंडर म्हणाले. "एका मुलाची गोष्ट चालली होती."

काकू खुर्ची ओढून बसल्या. थोरलीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, खिडकी, गोळी, तोंडावरचा हात. काकू मन लावून ऐकत होत्या आणि शेवटी त्यांनी टाळीच वाजवली. "अस्सा लबाड! गोड आहे हो पोरगा. कोणाचा म्हणायचा हा?"

थोरलीनं मान खाली घातली. शेंगा सोलणारे तिचे हात थांबले.

"आहे एका ओळखीच्यांचा," कंपाउंडर म्हणाले. त्यांनी खुर्ची काकूंच्या जवळ सरकवली. "त्याची आणखी एक गंमत सांगतो, ऐक. त्याला लाकडाचं भारी वेड..."